पणजोबांच्या पलीकडे कोण?

प्रश्न : आम्ही कल्याणजवळच्या आंबिवलीचे. माझी मुलगी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते. तिच्या शेजारच्या आजींनी तिला आपल्या घराण्याचा तक्ता दाखवला. बारा पिढ्या! १६३०च्या सुमारास जहाजातून उतरलेल्या पहिल्या माणसापर्यंत प्रत्येकाचं नाव आणि लग्नाचं साल. मुलीने लगेच फोन करून विचारलं, "आई, आपलं काय?" मला सासऱ्यांचं, त्यांच्या वडिलांचं आणि आजोबांचं, एवढीच नावं सांगता आली. आम्ही आगरी. पूर्वी भातशेती होती, आता थोडी उरली आहे. आमच्यासारख्या घरांचे पूर्वज कुठल्या कागदात सापडतील का? की वाडे होते त्यांचीच नावं राहतात?

उत्तर : सापडतील, आणि वाडे नसलेल्यांचेही सापडतील. मात्र त्या शेजारच्या आजींना ज्या प्रकारच्या कागदांत ते मिळाले, तसे कागद आपल्याकडे शोधत बसू नका.

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६३९ साली हुकूम निघाला की जन्म, लग्न आणि मृत्यू सरकारी वहीत लिहायचे. जोडीला चर्चच्या वह्या, मृत्युपत्रं आणि खरेदीखतं होतीच. म्हणून तिथल्या गोऱ्या घरांचा माग सलग लागतो. त्या वेळी आपलं कल्याण आदिलशाहीत होतं. शिवाजी महाराजांनी ते घेतलं १६५७ साली. इथे कोणाच्या घरी पाळणा हलला हे कोणी दप्तरात लिहीत नव्हतं. पण कोणाच्या नांगराखाली किती जमीन आहे आणि तिचा सारा किती, हे प्रत्येक राजवटीने लिहिलं. आपल्याकडची शेतकरी घरं बारशाच्या नोंदीत नसतात, साऱ्याच्या नोंदीत असतात. एवढं ध्यानात ठेवलं की कुठल्या कचेरीत जायचं ते कळतं.

शोध नेहमी आजपासून मागे न्यायचा, एका वेळी एकच पिढी. "आमचे मूळ पुरुष अमुक सरदाराबरोबर आले" अशा कथेपासून सुरुवात केली, तर ती कथा आणि तुमचे पणजोबा यांच्यात पूल कधीच बांधला जात नाही. उत्तर कोकणाबद्दल 'महिकावतीची बखर' आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. बिंब राजाबरोबर इथे येऊन वसलेल्या कुळांची हकीकत तिच्यात आहे. ती जरूर वाचा, पण आडनाव जुळलं एवढ्यावर आपला वेल तिच्यातल्या नावाला जोडू नका.

आता तुमच्या शेताकडे येऊ. उरलेल्या जमिनीचा आजचा सातबारा काढा आणि मग त्याच गटाचे जुने, हाताने लिहिलेले सातबारे मागा. जुन्या उताऱ्यावर काही नावांना कंस केलेला दिसेल आणि शेजारी वर्तुळात एक आकडा. कंस म्हणजे ते नाव कमी झालं आणि आकडा म्हणजे फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकाची फेरफाराची नोंद, म्हणजे गाव नमुना सहा, काढली की नाव का कमी झालं ते कळतं. ते वारसाने झालं असेल तर नोंद साधारण अशी असते : "खातेदार अमुक बिन तमुक हा सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. त्यास वारस मुलगे दोन, पैकी धाकटा अज्ञान, अ.पा.क. थोरला भाऊ." तीन ओळींच्या या नोंदीत तीन पिढ्या आहेत. 'बिन'च्या पुढे मयताच्या वडिलांचं नाव, मधे मयत, खाली मुलं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, त्यावरून धाकट्याचं वय कमी होतं हेही कळलं. 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे मागे आणखी भाऊ आहेत असं समजा.

फेरफारांच्या या पायऱ्या उतरत गेलात की हक्कनोंदणीच्या सुरुवातीपर्यंत पोचता. मुंबई इलाख्यात त्यासाठी कायदा झाला १९०३ साली. त्याच्याही मागे इंग्रजांची पहिली मोजणी आहे. ठाणे जिल्ह्यात ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत गेली आणि शेतांना सर्व्हे नंबर मिळाले. तिची शेतवार पत्रकं भूमी अभिलेख कार्यालयाकडे विचारा. तिथे नाव मिळालं तर आजच्या नातवंडापासून पाच-सहा पिढ्या झाल्या.

आगरी आणि कुणबी घरांनी एक गोष्ट विसरू नये. पूर्वी जमीन कसणारा एक आणि मालक दुसरा असं फार होतं. मालकाच्या रकान्यात आजोबांचं नाव नाही म्हणून निराश होऊन परत येऊ नका. 'कुळाचे नाव' हा रकाना बघा, 'इतर हक्क' बघा, पीकपाहणी बघा. १९४८च्या कूळ कायद्याखाली १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कुळं मालक मानली गेली आणि त्याच कायद्याच्या कलम 'बत्तीस ग'ची प्रकरणं चालली. त्या फाइलींत कुळाचा जबाब असतो : जमीन कधीपासून कसतो, आधी वडील कसत होते का, खंड किती. पूर्वजांचं बोलणं जवळजवळ त्यांच्याच शब्दांत ऐकू येतं, असा हा दुर्मिळ कागद आहे.

दुसरी वाट जन्म-मृत्यूची. गाव नमुना चौदा, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातल्या जन्ममृत्यूची नोंद असे. ही जुनी पुस्तकं साधारणपणे तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. आंबिवलीचा भाग आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत आहे. पण महापालिका झाली १९८३ साली, त्यामुळे त्याआधीच्या नोंदीसाठी कल्याण तहसील कार्यालय आणि महापालिका अशा दोन्ही ठिकाणी विचारा. जन्माच्या ओळीत बहुधा बाळाचं नाव नसतं, कारण बारशाआधीच नोंद झालेली असते. बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी', एवढंच. मृत्यूच्या ओळीत कारण असतं : ताप, देवी, पटकी, हगवण. १९१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरची पानं मिळाली तर हळू उलटा. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीचे ते दिवस. एकाच घरची दोन-तीन माणसं आठवड्याभरात गेलेली दिसली, तर आजीच्या तोंडून ऐकलेल्या "तेव्हा घर बसलं" या वाक्याचा अर्थ तिथे कळतो.

तिसरी वाट शाळेची. शाळेची सर्वसाधारण नोंदवही, म्हणजे जनरल रजिस्टर, किंवा प्रवेश-निर्गम उतारा. तिच्यात पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ आणि जन्मतारीख मिळते. तारीख १ जून असेल तर तिच्यावर फार विसंबू नका. गावात जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे, म्हणून शाळा सुरू होण्याच्या सुमाराची ती तारीख गुरुजी घालत. साल अंदाजे धरा, नाव मात्र पक्कं.

कचेरीत जाताना गाव, तालुका आणि सर्व्हे नंबर लिहून न्या. नुसतं 'आंबिवली' पुरत नाही. कर्जत तालुक्यात कोथळीगडाजवळ एक आंबिवली आहे, मुंबईत अंधेरीलाही एक आहे. जुन्या कागदात गावापुढे 'तर्फे' म्हणून काही लिहिलं असेल तर तेही उतरवून घ्या. तो जुन्या महसुली विभागाचा पत्ता आहे. 'आपले अभिलेख' या सरकारी सेवेत ठाणे जिल्ह्यातले बरेच जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन आले आहेत, आधी घरबसल्या तिथे पाहा. मिळालेल्या प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीची प्रमाणित नक्कल घ्या. घरात कोणाला जात पडताळणीसाठी तीच लागते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांआधीच्या पुराव्याला तिथे मोल आहे.

प्रश्न : माझे आजोबा मोहन्याच्या एन.आर.सी. कारखान्यात नोकरीला म्हणून आले. मूळ गाव सांगलीकडचं, तिथे आता घर नाही, जमीन तर कधीच नव्हती. मग आमचा माग संपलाच का?

उत्तर : संपला नाही. ज्याच्याकडे जमीन असते त्याचं नाव जमिनीच्या कागदात राहतं, ज्याच्याकडे नसते त्याचं कामाच्या कागदात. कारखाना २००९ साली बंद पडला, पण मोहने-आंबिवलीच्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी नेमणुकीचं पत्र, गेटपास, भविष्य निर्वाह निधीचा वारसनोंदीचा फॉर्म अजून असेल. त्यावर वडिलांचं नाव आणि मूळ गाव, तालुक्यासकट, लिहिलेलं असतं. तो तुमचा पहिला पुरावा.

मग मूळ गावी जा आणि भावकी शोधा. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात हेळवी येतात. पिढ्यानपिढ्या ठरलेल्या घरांची वंशावळ सांभाळणं हा त्यांचा वारसा. पूर्वी सजवलेल्या बैलावरून येत, दारात उभं राहून घरातल्या पूर्वजांची नावं मूळ पुरुषापासून म्हणून दाखवत आणि नव्या जन्मांची भर घालून जात. तुमच्या भावकीचे हेळवी कोण, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

तीर्थक्षेत्रीही जा. त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. यात्रेकरू आला की उपाध्ये त्याचं गाव आणि आडनाव विचारतात, त्या गावाची वही काढतात आणि त्याच्याकडून नवीन मजकूर लिहून घेतात : मी, माझे भाऊ, मुलगे, वडील, आजोबा. खाली सही किंवा अंगठा. आजोबांचे आजोबा एकदा तरी अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला गेले असतील, तर तिथे त्यांच्याच हातची ओळ सापडू शकते. हरिद्वारच्या अशा वह्यांचं मोल ओळखून अमेरिकेतल्या उटा राज्यातल्या वंशावळी संस्थेने १९७०च्या दशकात त्यांच्या मायक्रोफिल्म काढायला घेतल्या. आपणही त्र्यंबकला गेलो की पूजा आटोपून घाईने परतू नये. वही मागावी, वाचावी आणि आपली ओळ नीट अक्षरात लिहावी.

कामाच्या कागदाचं बळ पाहायचं तर मॉरिशसकडे पाहा. ऊसमळ्यांसाठी १८३४पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. मळेवाल्यांना पळून जाणारा मजूर ओळखता यावा, म्हणून वसाहतीच्या सरकारने प्रत्येकाचा क्रमांक, नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण लिहून ठेवली. पुढे फोटोही काढले. हे दप्तर मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आहे. मजुरावर पहारा ठेवण्यासाठी लिहिलेल्या त्या ओळींवरून आज त्याची पतवंडं कोकणातलं आपलं गाव शोधतात. तुमच्या आजोबांचा गेटपास म्हणूनच रद्दीत घालू नका.

प्रश्न : आमच्याकडे वाकड्या अक्षरांतला एक जुना कागद आहे. कोणी म्हणतं मोडी आहे. वर "सीत अशर मयातैन व अलफ" असं लिहिलंय, असं एका ओळखीच्यांनी वाचून सांगितलं. हा मंत्र आहे का?

उत्तर : मंत्र नाही, साल आहे, आणि फार मोलाचं. मराठी राज्याच्या कागदांत सुहूर सन अरबी अंकशब्दांनी लिहीत. सीत म्हणजे सहा, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. बेरीज १२१६. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, म्हणून हा कागद १८१५-१६चा. वर्ष मृगाला बदलत असल्याने दोन इसवी सनं लिहावी लागतात. सुहूरच्या ऐवजी शके असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०. राज्याभिषेक शक असेल तर १६७४ धरून एका वर्षाचा मागेपुढे फरक जमेस धरा.

म्हणजे तुमचा कागद पेशवाईतला आहे. कल्याणचा मुलूख १८१७-१८मध्ये इंग्रजांकडे गेला, तो त्याच्या दोनच वर्षं आधीचा. त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. घड्या सावकाश उलगडा, दिवसाच्या उजेडात सरळ वरून फोटो घ्या आणि कागद सुती कापडात ठेवा. वाचून घ्यायला मोडी जाणणारा गाठा. मुंबई इलाख्याने १९१७ साली कारभारासाठी मोडीच्या जागी बाळबोध लिपी ठरवली. त्यामुळे त्याआधीचं जवळजवळ सगळं दप्तर, कोतवाल बुकांसकट, मोडीत आहे. ज्याला दोन पिढ्यांच्या पलीकडे जायचंय त्याने मोडी शिकावी हे बरं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१०चं, या कामात आजही वाट दाखवतं.

पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेलं आहे, त्यात प्रांत कल्याण-भिवंडीचे कागद आहेत. तिथे पाटील, देशमुख, देशपांडे यांची नावं लवकर सापडतात. सामान्य रयतेचं नाव हवं असेल तर महजर पाहा. वतनाचा किंवा हद्दीचा तंटा झाला की पांढरी, म्हणजे सारा गाव, गोळा होई आणि निवाड्याच्या कागदावर पाटलापासून सुतार, कुंभार, महारापर्यंत हजर असलेल्यांची नावं चढत. सही न येणाऱ्याची निशाणी असे, शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा वाकस. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाने 'मी इथे होतो' असं सांगितल्याची ती खूण आहे.

प्रश्न : जुन्या कागदात आमचं आडनावच नाही. मग ते आमचेच पूर्वज हे कसं ठरवायचं?

उत्तर : आडनावाचा हट्ट सोडा. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकरी घरांत 'अमुक बिन तमुक' एवढंच पुरे होतं. कायमचं आडनाव पुष्कळांना शाळेत नाव घालताना मिळालं. एकाच घरात एका भावाने गावावरून लावलं, दुसऱ्याने पाटीलकीवरून, असंही झालं. ओळख पटवायची ती तीन गोष्टी जुळवून : तोच सर्व्हे नंबर, तीच भावकी, बाप-लेकाच्या नावांची तीच साखळी. यांतल्या दोन जुळल्या तर वहीत पेन्सिलने लिहा, तिन्ही जुळल्या तर शाईने. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत असल्याने एकाच घरात एकाआड एक पिढीत तेच नाव येतं. दोन माणसं एक समजण्याची चूक तिथेच होते, म्हणून प्रत्येक नावापुढे साल हवंच.

प्रश्न : वंशावळीत बायका का नसतात? माझ्या पणजीचं नाव मला कुठेच मिळालं नाही.

उत्तर : सारा भरणाऱ्याचं नाव लिहायचं ठरलं, तेव्हाच बाईचं नाव बाहेर राहिलं. नवरा गेल्यावर विधवेचं नाव कधी लागे, 'कोम', म्हणजे अमक्याची बायको, म्हणून. पुढच्या उताऱ्यांत 'भ्र.' म्हणून. मुलींची नावं वारसनोंदीत दिसू लागली ती मुख्यत्वे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर. त्यामुळे त्यानंतरचे वारस फेरफार मुद्दाम पाहा. आत्या आणि आजीच्या बहिणी, सासरच्या नावासह, तिथे भेटतील. त्याआधीच्या बायकांसाठी माहेरच्या गावची शाळा, माहेरच्या भावकीची नामावळ आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण, एवढीच साधनं.

ज्या अमेरिकेतल्या तक्त्याचं सुरुवातीच्या पत्रात कौतुक होतं, तिथेही हेच घडलं. तिथली पहिली शिरगणती १७९०ची, पण तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं ते १८५० साली. गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या, त्यांत वय आणि स्त्री की पुरुष एवढंच, बहुतेकांचं नाव नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या घरांतली माणसं नावानिशी शिरगणतीत आली ती १८७०मध्ये, म्हणून त्यांचा शोध बहुधा त्या सालाच्या भिंतीशी अडतो. आपल्या ठाणे जिल्ह्यात ज्या कातकऱ्यांच्या, जुन्या कागदांतल्या काथोड्यांच्या, नावावर कधी गुंठा नव्हता, त्यांची भिंत आणखी अलीकडे आहे. कागदात नसणं म्हणजे पूर्वज नसणं नव्हे. जिथे कागद थांबतो तिथून पुढे लिहिणं आपल्याकडे येतं.

आणि आता पुन्हा आंबिवलीच्या ताईंना. मुलीने "आपलं काय?" विचारलं तेव्हा तुम्ही सासऱ्यांची, त्यांच्या वडिलांची आणि आजोबांची नावं सांगितलीत. तुमच्या आईचं आणि आजीचं नाव त्यात नव्हतं, आणि ती तुमच्या मुलीचीच माणसं आहेत. सातबारा काढायला तहसीलला जाल तेव्हा जा, तो कागद आणखी काही वर्षं तिथे राहील. घरातलं, माहेरचं सगळ्यांत म्हातारं माणूस मात्र आजच गाठा. फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि एवढंच विचारा : तुझ्या आईचं माहेर कुठलं, तिला घरात काय म्हणायचे, ती कशाने गेली. उत्तर एका वहीत, तारखेसह उतरवा. मुलीचा पुढचा फोन आला की पहिलं नाव तुमच्या आईच्या आईचं सांगा. कोतवाल बुकात ती नुसती 'मुलगी' म्हणून असेल. या वहीत तिचं नाव असू द्या.